टर्बोच्या मागचा क्लॅम्प

रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. मुलीला ताप नव्हता, नवऱ्याशी वाजलं नव्हतं, सासूबाईंचा गुडघासुद्धा त्या दिवशी गप्प होता. तरी ती छताकडे बघत पडून राहिली, आणि तीही एका क्लॅम्पपायी. बशीएवढं एक लोखंडी कडं, त्याला एक नट. असल्या वस्तूसाठी कुणी जागतं हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं असतं, तर ती स्वतःच हसली असती.

तशी काळजी करण्यात ती पहिल्यापासून तयारीची. चिंगी एकदा शिंकली, की हिचं मन दवाखान्याच्या पायऱ्या चढून मोकळं झालेलं असायचं. पण एरवीच्या काळज्या ती घरभर ऐकवत फिरायची. ही कुणाला सांगता येत नव्हती. हिच्या पोटात एक खोटं होतं, आणि त्या खोट्याच्याही पोटात आणखी काहीतरी होतं. त्याची नुसती आठवण आली, तरी पांघरुणात तिच्या उजव्या हाताची मूठ आपोआप आवळली जात होती.

झालं होतं असं.

नवरा ट्रक दुरुस्त करणारा मिस्त्री. अंगणापलीकडे पत्र्याची शेड, तेच गॅरेज. ती आधी शाळेत विज्ञान शिकवायची. चिंगी झाली तशी नोकरी सुटली, आणि चिंगी चालायला लागल्यावर नवऱ्याच्या धंद्यात तिला दुसरी नोकरी लागली, ती हाताची. मिस्त्रीचे पंजे फावड्यासारखे. जिथं ते शिरायचे नाहीत, तिथं तिचा बारीक हात कोपरापर्यंत सहज जायचा. “बायको म्हणजे माझा सगळ्यात बारीक पाना,” असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. ती वरवर डोळे वटारायची आणि आतून सुखावायची.

त्या संध्याकाळी शेडमध्ये एक जुना डिझेल ट्रक उभा होता. त्याचा मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच, उंच, लांब मानेचा. सगळे त्याला उंट म्हणायचे, आणि तोही फोन उचलून “बोला, उंट बोलतोय” असंच म्हणायचा. गाडी त्यानं नुकतीच कुणाकडून तरी घेतली होती. चढाला ती काळा धूर ओकायची आणि केबिनमध्ये डोळे चुरचुरायचे. मिस्त्रीनं खाली शिरून डाउनपाइप उतरवला. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या चक्राच्या, तोंडातून निघणारा तापलेला धूर खाली सायलेन्सरकडे नेणारा तो जाड, वाकडा पाइप. सांध्यापाशी तो तडकला होता. त्या चिरेतून काजळीची एक जीभ पार वर, केबिनच्या तळापर्यंत गेली होती.

“आधीचा ड्रायव्हर यातच गेला,” उंट म्हणाला. “थंडी होती म्हणून हीटर लावून, इंजिन चालू ठेवून मागच्या बर्थवर झोपला. सकाळी हाका मारल्या, तर उठायचं नाव नाही. लोक म्हणाले, हार्ट.”

मिस्त्रीनं काजळीवरून बोट फिरवलं, पँटला पुसलं.

“हार्ट कुठलं…” एवढंच तो पुटपुटला.

उंटानं मान उंचावून केबिनकडे पाहिलं. मग नेहमीसारखा दात काढून म्हणाला, “मी आपला उठणारा माणूस आहे, बाबा. नवा पाइप तेवढा घट्ट बसवा.”

ट्रकच्या केबिनमध्ये दोन सीटच्या मधे इंजिनावरचं झाकण असतं. ते उचललं, की खाली टर्बो. तिनं तिथं पालथं पडून खाली हात घालायचा, मिस्त्रीनं ट्रकखाली उताणं पडून नवा पाइप वर रेटून धरायचा, आणि दोघांच्या मधोमध तो क्लॅम्प, पाइपाची आणि टर्बोची कड एकत्र कवेत घेणारा. तो नुसता आवळून भागत नाही. आवळायचा, मग हातोडीच्या दांड्यानं चहूबाजूंनी टिचक्या मारायच्या. टिचक्यांनी कडं आपल्या खाचेत बसतं, नट सैल पडतो, की पुन्हा आवळायचं. ते दुसऱ्यांदा आवळणं हेच खरं काम. पहिल्यांदा घट्ट वाटलेला क्लॅम्प घट्ट नसतोच, हे मिस्त्री उठता बसता सांगायचा.

ती पालथी पडली. पाठीमागे बर्थचा मळकट पडदा ओढलेला होता. त्यातून जुन्या पांघरुणाचा आणि तेलकट उशीचा वास येत होता. नट टर्बोच्या मागच्या अंगाला, त्यामुळे सगळा कारभार चाचपून. कडं सारखं निसटत होतं. ती वैतागली, आणि तेवढ्यात नवऱ्यानं खालून हात दिला. त्याची बोटं पलीकडून आली, कड्याची दुसरी बाजू धरली, हलकेच दाबली. कोमट बोटं. तिला बरं वाटलं. तिनं नटाचे आटे भराभर फिरवले.

“आता असंच धरून ठेवा हं,” ती म्हणाली.

“आणखी काय धरू?” नवऱ्याचा दमलेला आवाज आला, फार खालून. “दोन्ही हातांनी पाइप पेललाय इथं. आवर लवकर… झालं का?”

बोटं तिथंच होती.

मग त्यांनी कडं सोडलं. अंधारात एखाद्यानं भिंत चाचपत यावं, तशी ती सावकाश तिच्या बोटांवर आली… आणि थांबली.

तिनं हात ओढून घेतला. कोपर पत्र्यावर खरचटलं.

“झालं,” ती म्हणाली.

“ठोकून परत आवळलंस?”

“हो.”

ओरडली का नाही, असं कुणीही विचारेल. तिनंही स्वतःला रात्रभर तेच विचारलं. पण ओरडून सांगायचं काय? सासूबाई चिंगीला बागुलबुवाची भीती घालायला लागल्या, की हीच मधे पडायची, “आई, असलं काही नसतं, तिच्या डोक्यात भरवू नका.” वर्गात तिनं मुलांना हेच शिकवलं होतं. आणि आता उंटासमोर, नवऱ्यासमोर उभं राहून म्हणायचं, की इंजिनात कुणीतरी माझा हात धरला? उंटानं ते गावभर केलं असतं. त्यापेक्षा ‘हो’ सोपं होतं. एका अक्षरात काम झालं.

गाडीची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती, म्हणून इंजिन चालू करून बघणं सकाळवर ढकललं गेलं. आणि सकाळपर्यंतची सगळी रात्र तिच्या वाट्याला आली.

सकाळी धुकं इतकं दाट, की अंगणातून शेड दिसेना. चहाच्या वेळी सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं.

“उंट आज वर घाटात मुक्काम करणार म्हणे,” मिस्त्री चहा फुंकत म्हणाला. “हाडं फोडणारी थंडी असते तिथं. रात्रभर हीटर लावूनच झोपावं लागणार.”

“गाडी नीट झालीय ना रे?” सासूबाईंनी विचारलं.

“झालीय की. क्लॅम्प हिनं बसवलाय,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघून हसला. कौतुकानं.

त्या हसण्यानं तिच्या घशाशी आलेला शब्द परत खाली गेला.

मग तिनं दुसरा मार्ग काढला. जे गुपचूप बिघडवलं, ते गुपचूप दुरुस्त करावं. मिस्त्री बॅटरी बसवून अंघोळीला गेला, तशी तिनं पाना आणि हातोडी पदराआड घेतली.

“आई, मी येऊ?” चिंगीनं विचारलं.

“नको. आजीजवळ बस शहाण्यासारखी.”

शेडमध्ये पत्र्यावरून दव ठिबकत होतं, तेवढाच आवाज. ती केबिनमध्ये चढली. बर्थचा पडदा कालच्यासारखाच ओढलेला. त्याच्याकडे पाठ करायची नव्हती, पण दुसरा इलाज नव्हता. झाकण उचललं, पालथी पडली, हात खाली सोडला. पाइप कोमट लागला. रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या, कालपासून चालूच न झालेल्या गाडीचा पाइप… कोमट.

लोखंड उष्णता धरून ठेवतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. मुलांनी हे उत्तर लिहिलं असतं, तर तिनं त्यावर लाल रेघ मारली असती.

पाना नटावर बसला. ती जोर लावणार, एवढ्यात खालून आवाज आला. दमलेला, ओळखीचा.

“झालं का…?”

“झालं,” ती म्हणाली. जीभ सवयीनंच वळली.

आणि त्याच क्षणी अंगणापलीकडून, घरातून, तिच्या नवऱ्याचा खणखणीत आवाज आला, “अगं, टॉवेल कुठं ठेवलास?”

ट्रकखाली वाकून बघायचं धैर्य तिला झालं नाही. झाकण कसंबसं ढकलून ती उतरली आणि धुक्यातून पळत सुटली. पाना नटावरच राहिला.

“काय गं, अशी पांढरीफटक का पडलीस?” सासूबाई म्हणाल्या. “भूतबीत बघितलंस की काय?”

“छे हो, आई. थंडी आहे बाहेर.” ती हसलीसुद्धा. मग नवऱ्याला टॉवेल दिला, मोरीत गेली, आणि उजवा हात पाण्याखाली धरून उभी राहिली. पाणी गार होतं. हात काही केल्या गार होईना.

तेवढ्यात शेडमध्ये इंजिन धडधडलं.

मिस्त्री कपडे चढवून ओल्या डोक्यानं शेडमध्ये आला, मागोमाग ती; तोवर ते धडधडतच होतं. “कुणी चालू केली? मी ठोकलं नाही अजून!” त्याच्या गॅरेजचा नियम होता. खाली असलेल्या माणसानं पाइपावर पान्यानं दोनदा टकटक केलं, म्हणजे आपण बाहेर निघालो, आता चावी फिरव. टकटक झाल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. उंटालाही हे ठाऊक होतं.

उंट ट्रकसमोर उभा राहून निवांत आरसा पुसत होता. “तुम्हीच तर ठोकलंत, मिस्त्री. मी सीटवर टेकतोय न टेकतोय, तोच दोनदा. टक, टक. म्हटलं, अंघोळ सोडून कामाला लागला गडी! इंजिन गरम होऊ दे म्हणून दार लावून उतरलो.”

“मी आत्ता येतोय अंघोळीहून,” मिस्त्री म्हणाला.

तिचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ती मागून आलेल्या सासूबाईंकडे वळली होती. “आई, चिंगी कुठंय?”

“तुझ्याजवळच नाही का?” सासूबाई म्हणाल्या. “आई हाक मारतेय म्हणाली, आणि पळाली शेडकडे. मला वाटलं, तू परत तिकडे गेलीस.”

तिनं हाक मारली नव्हती.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मिस्त्रीनं झेप घेऊन केबिनचं दार उघडलं, आणि आतून निळसर धूर सावकाश बाहेर आला. चिंगीचा हात त्या ट्रकच्या पायरीलासुद्धा पोचत नव्हता. पण बर्थच्या पडद्याबाहेर तिचा एक हात दिसत होता. तो खाली लोंबत नव्हता. अर्धवट वर उचललेला होता, बोटं किंचित वळलेली. रस्त्यानं चालताना ती आईचं बोट धरायची ना, अगदी तसा.

मिस्त्रीनं पडदा फाडल्यासारखा बाजूला केला. चिंगी गाढ झोपली होती. पांघरूण हनुवटीपर्यंत नीट खोचलेलं.

पुढचं सगळं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. उंटानं चावी काढली. अंगणातल्या मोकळ्या हवेत चिंगी आधी खोकली, मग ओकली, मग जी रडली, ते रडणं ऐकून सासूबाई मटकन खाली बसल्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी छाती, डोळे, नखं तपासली आणि म्हणाल्या, वेळेवर काढलंत, आता ठीक आहे, दिवसभर उघड्यावर ठेवा. वेळेवर. तो शब्द ती मनात धरून बसली, बुडत्यानं काही धरावं तसा.

इंजिन गार झाल्यावर मिस्त्रीनं केबिनमधलं झाकण उचललं. क्लॅम्पच्या कडेनं ताजी काजळी फुटली होती. नटावर पाना अडकलेला.

“हा पाना कुणी ठेवला?” त्यानं विचारलं.

सगळे तिथंच होते. नवरा, उंट, आणि चिंगीला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाई. जमीन दुभंगायची असली, तर हीच वेळ होती. जमिनीनं काही मनावर घेतलं नाही.

“मी,” ती म्हणाली. “काल मी… ठोकून परत आवळलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत, तेव्हा हो म्हणाले. सकाळी चोरून आवळायला आले होते. तेही झालं नाही.”

मिस्त्री ओरडला असता, तर बरं झालं असतं. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. ‘सगळ्यात बारीक पाना’ म्हणणारे ते डोळे.

“मी रात्री यातच झोपणार होतो हो, वहिनी,” उंट म्हणाला. हळू. एकही दात न दाखवता.

“शिकलेली सून आहे म्हणून मी मिरवायची,” सासूबाई म्हणाल्या. “‘नाही’ म्हणायला तेवढं शिकली नाहीस.”

तिनं मान खाली घातली. पायाशी डिझेलचा एक डाग होता, त्याच्याकडे ती बघत राहिली. त्यात आभाळाचा एक तुकडा दिसत होता, तिचं तोंड दिसत नव्हतं, तेवढीच दया.

“काल अर्धवट का सोडलंस?” मिस्त्रीनं विचारलं.

“हाताला मुंग्या आल्या होत्या.”

हे आणखी एक खोटं. इतकी लाज सोसल्यावर थोडी मूठभर तरी झाकून ठेवावी, असं माणसाला वाटतं.

“चढ वर,” तो म्हणाला. “माझा हात जात नाही तिथं. तुलाच करावं लागणार.”

ती चढली. उंटानं पडदा काढूनच टाकला होता. रिकाम्या बर्थवर पांघरूण पडलेलं. मिस्त्री खाली शिरला, पाइप रेटून धरला. तिनं हात खाली सोडला, टर्बोच्या मागे, जिथं उजेड पोचत नव्हता.

बोटं वाट बघत होती.

या वेळी तिनं हात काढला नाही. दात आवळले, डोळे मिटले. बोटांनी कडं धरलं, स्थिर, कसबी माणसासारखं. तिनं नट आवळला. टिचक्या मारल्या, वरून, बाजूनं, खालून. जिकडे हातोडीचा दांडा जाईल, तिकडून बोटं आपली सरकायची. कडं खाचेत बसलं, तो बारीकसा ‘खट’ तिला मनगटात जाणवला. नट सैल पडला होता.

“झालं का?” खालून मिस्त्री.

“नाही. अजून नाही.”

तिनं पुन्हा आवळलं. पाना पुढे जाईना, तोपर्यंत आवळलं. घाम डोळ्यांत उतरला.

“आता झालं,” ती म्हणाली.

पण हात काढता येईना. बोटांनी तिची बोटं धरली होती. आवळून नाही, दुखेल असंही नाही. अनोळखी ठिकाणी उतरलेलं माणूस सोबतच्याचा हात धरतं, तसं. त्या स्पर्शात काहीतरी विचारल्यासारखं होतं.

खाली मिस्त्री सरकून बाहेर आल्याचा आवाज आला. मग त्याचा आवाज, मघापेक्षा मऊ.

“बघ… आज सगळं एकदाच बोलून मोकळी हो. मी रागावणार नाही. आणखी काही राहिलंय सांगायचं?”

तिचं तोंड उघडलं. खाली कोमट बोटं अगदी निश्चल झाली होती, जणू तीही ऐकत होती. सांगावं. म्हणावं, इथं कुणीतरी आहे, त्याला बाहेर यायचंय, काय करायचं ते मिळून करू. उंट ऐकत होता. सासूबाई ऐकत होत्या. शिकलेली सून.

“नाही,” ती म्हणाली. “काही नाही.”

बोटं सुटली.

बाहेर अंगणात, सासूबाईंच्या मांडीवर, सकाळपासून रडून दमलेली चिंगी एकदम हसली. “बाई गं, हसलं लेकरू!” सासूबाई म्हणाल्या.

इंजिन बराच वेळ चालवून बघितलं. मिस्त्रीनं सांध्याभोवती पांढरं फडकं फिरवलं, ते पांढरंच राहिलं. उंटानं दोन्ही खिडक्या सताड उघड्या टाकल्या, “वहिनी, आता तुमच्या भरवशावर झोपतो हं,” असं म्हणून थोडासा हसला, आणि गाडी धुक्यातून निघून गेली. धुरात काळं काही नव्हतं. मिस्त्रीनं जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिला खांद्यापेक्षा जड वाटला.

धुकं विरत चाललं होतं. सासूबाई आत गेल्या. चिंगी पायरीवर एकटीच उभी होती, रिकाम्या शेडकडे बघत. फ्रॉकच्या दोन्ही बगलांखाली काजळीचे पट्टे होते, उचलताना लागतात तसे. मिस्त्रीचेच असतील, तिनं स्वतःला सांगितलं. त्यानंच तर उतरवलं तिला. मग तिला आठवलं, तो अंघोळ करून आला होता.

“चल, चिंगे, घरात,” ती म्हणाली. “हात दे.”

चिंगीनं हात दिला नाही. तो तिच्या बाजूला अर्धवट वर उचललेला होता, बोटं किंचित वळलेली.

“हात दे म्हणते ना, बाळा…”

चिंगीनं आधी आपल्या बाजूला वर पाहिलं, मग आईकडे. आणि घरात कुणी झोपलेलं असताना बोलतात, तशा हळू आवाजात म्हणाली,

“तुझा सोडला त्यानं. आता माझा धरलाय.”